पंखा फिरताना दिसला पाहिजे

२६ सप्टेंबर २०२५ ला दुपारी तुमच्या फोनवर काय काय येऊन पडलं, आठवतंय? चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ विमानांचा निरोप समारंभ झाला. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग स्वतः त्यातलं एक विमान उडवत होते. उतरलेल्या विमानांवर दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे सोडले गेले आणि तासाभरात ज्याच्या-त्याच्या स्टेटसला तोच फोटो. ६२ वर्षांची नोकरी, फवाऱ्यांचं धुकं आणि खाली सलामीचा इमोजी.

आता गंमत बघा. २५ तारखेपर्यंत जे लढाऊ विमान होतं, ते २७ तारखेला 'व्हिंटेज' झालं. रविवारी दक्षिण मुंबईत जुन्या गाड्यांची रॅली निघते, त्या रांगेत जणू हेही जाऊन बसलं. आणि तुमच्यापैकी ज्यांना कॅमेऱ्याचं वेड आहे, त्यांच्या मनात एक विचार नक्की आला असणार. एखाद-दोन मिग उडती ठेवली तर? दर वर्षी एखाद्या एअर शोला आणली तर? आम्ही लेन्स भाड्यानं आणू, पहाटेपासून जागा धरून बसू, पण ती उडताना दिसू देत.

माझं उत्तर आहे, नको. पण 'नको' म्हणण्याआधी ही हौस नेमकी कशाची आहे ते समजून घेऊ. कारण जुन्या विमानाचा हवेतला फोटो आणि त्याचा जमिनीवरचा फोटो, या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. ते तुमच्याइतकंच विमान उडवणाऱ्यालाही माहीत असतं.

नवख्या माणसाचा फोटो ओळखायची सोपी खूण सांगतो. हवेतल्या जुन्या विमानाचा पंखा फोटोत थांबलेला दिसतो. विमान लख्ख, अक्षर न् अक्षर वाचता येतं, पण पंख्याची तिन्ही पाती जागच्या जागी गोठलेली. दोऱ्यानं टांगलेलं खेळणं वाटतं ते. चूक अशी की आपण 'वेगवान वस्तू म्हणजे वेगवान शटर' हा धडा पाठ केलेला असतो. जेटला तो लागू पडतो. पंख्याच्या विमानाला नाही.

थोडा हिशेब करू. डाकोटासारख्या विमानाचा पंखा हवेत मिनिटाला साधारण हजार-बाराशे फेरे मारतो. बाराशे धरले तर सेकंदाला २० फेरे, म्हणजे ७,२०० अंश. शटर १/१००० सेकंद ठेवलं तर तेवढ्यात पातं जेमतेम सात अंश सरकतं, म्हणून थांबलेलं दिसतं. १/१२५ ठेवलं की ५८ अंश सरकतं आणि छान पुसटसा पंखा उमटतो. १/६० वर १२० अंश. पाती तीन, म्हणजे पूर्ण चकती तयार! पण १/६० सेकंद शटर उघडं ठेवून, समोरून जाणाऱ्या विमानाबरोबर लांबलचक लेन्स एकाच वेगानं फिरवत न्यायची म्हणजे काय, ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. ढीगभर फोटो वाया जातात. कंबर धरते. शेजारचा मोबाइलवाला मस्त व्हिडिओ काढून मोकळाही होतो.

मोबाइलवाल्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. तुमच्या व्हिडिओत पंख्याची पाती केळ्यासारखी वाकडी दिसतात ना? फोनचा सेन्सर चित्र एका दमात घेत नाही, ओळीओळीनं वाचत जातो. तेवढ्या वेळात पातं पुढे सरकलेलं असतं. विमानाला काही झालेलं नाही, काका, घाबरू नका! दुसरी अडचण आकाशाची. पाठीमागे ढगाळ किंवा पांढरं आकाश असलं की कॅमेरा तो उजेड बघून सगळंच गडद करतो आणि विमानाची काळी सावली उरते. कॅमेऱ्यात एक्स्पोजर एकनं वाढवा. फोनवर विमानावर बोट टेकवून उजेडाची ती सूर्याची खूण वर सरकवा. निम्मे फोटो इथंच सुधारतात.

उजेडाचा हा त्रास जगभर आहे. इंग्लंडमधलं डक्सफर्ड म्हणजे जुन्या लढाऊ विमानांची पंढरी. दुसऱ्या महायुद्धातली स्पिटफायर तिथं अजून उडतात. पण प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला, त्यामुळे दिवसाचा बहुतेक वेळ सूर्य थेट लेन्समध्ये. तरी लोक वर्षानुवर्षं जातात. का जातात? संग्रहालयात स्पिटफायरला हात लागेल इतक्या जवळ उभं राहता येतं, तरी माणसं कुंपणाबाहेर सूर्याकडे डोळे बारीक करून उभी असतात. कारण मर्लिन इंजिनाचा तो आवाज आणि ती फिरती चकती. यंत्र चालू आहे, हेच त्यांना बघायचं आणि टिपायचं असतं.

या चालू असण्याला किंमत पडते.

हिशेब फोटोत येत नाही

२२ ऑगस्ट २०१५. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शोरहॅम इथं एअर शो चालू होता. हॉकर हंटर हे १९५० च्या दशकातलं जेट एक उभी गिरकी घेत होतं. आपल्याला हे विमान परकं नाही. १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाडे फोडले ते याच जातीच्या विमानांनी. शोरहॅमला गिरकी पूर्ण करण्याइतकी उंचीच उरली नाही आणि विमान शेजारच्या हमरस्त्यावर कोसळलं. ११ माणसं गेली. वैमानिक वाचला. गेलेल्यांपैकी कोणीही तिकीट काढून आत बसलेलं नव्हतं. सगळे मैदानाबाहेर, त्या रस्त्यावर किंवा रस्त्याच्या कडेला होते.

त्यानंतर ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणानं जमिनीवर होणाऱ्या शोमध्ये जुन्या लढाऊ जेटना कसरती बंद केल्या, फक्त समोरून उडत जायची मुभा ठेवली आणि प्रेक्षकांपासूनचं अंतर वाढवलं. फोटोग्राफरच्या भाषेत सांगायचं तर विमान चौकटीत लहान झालं आणि अंगावर येणारं वळण गेलं. यावर कुरकुर करणारे होते, आजही असतील. मला ती कुरकुर पटत नाही. फोटोत विमान मोठं यावं म्हणून रस्त्यावरून घरी जाणाऱ्या माणसानं धोका का पत्करायचा?

१२ नोव्हेंबर २०२२ ला अमेरिकेत डॅलसच्या शोमध्ये दुसऱ्या महायुद्धातलं बी-१७ बॉम्बफेकी विमान आणि पी-६३ हे लढाऊ विमान हवेत एकमेकांवर आदळली. सहा जण गेले. कोणतं विमान कोणत्या उंचीवर राहील, हे आधी नीट ठरवलेलं नव्हतं आणि खालून ऐनवेळी दिल्या जाणाऱ्या सूचनांवर सगळं चाललं होतं, हे चौकशीत पुढे आलं. म्हणजे दोष म्हाताऱ्या यंत्रांचा नव्हता, आखणी करणाऱ्यांचा होता. मे २०२४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या स्मृती-ताफ्यातलं स्पिटफायर उड्डाणानंतर लगेच पडलं आणि स्क्वाड्रन लीडर मार्क लाँग यांचा मृत्यू झाला. हे कोणी हौशे-गवशे नव्हते. नेमलेले, शिकलेले वैमानिक होते.

आणि विमान जुनंच असायला हवं असंही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या शोमध्ये आपलं तेजस कोसळलं, विंग कमांडर नमांश स्याल गेले. तो व्हिडिओ तुम्ही पाहिलात, मीही पाहिला. गर्दीतल्या असंख्य फोनमध्ये तो होता आणि काही मिनिटांत जगभर फिरला. घरच्यांना बातमी पोचायच्या आत अशी दृश्यं फिरतात, हे आपण आता गृहीतच धरलंय.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण कॅमेरा तुमच्या हातात आहे. डॅलसच्या अपघातानंतर तिथल्या चौकशी संस्थेनं प्रेक्षकांना आवाहन केलं, तुमच्याकडचे फोटो आणि व्हिडिओ आम्हाला पाठवा. शोरहॅमच्या चौकशीतही प्रेक्षकांनी टिपलेली दृश्यं कामी आली. विमान कुठल्या क्षणी कुठे होतं, किती उंचीवर होतं, चेहरा कुठे वळलेला होता, हे अशा चित्रांवरून मोजता येतं. जुन्या विमानांत आजच्यासारखी नोंद ठेवणारी यंत्रं बहुधा नसतात, तेव्हा तर ही चित्रं आणखी मोलाची. म्हणून तुमच्यासमोर कधी असं काही घडलंच, तर मूळ फाइल जशीच्या तशी जपा. तिला फिल्टर लावू नका, वेग कमी करून खाली गाणं घालू नका, व्हॉट्सअपवरून पाठवून तिचा चोथा करू नका. चौकशी करणाऱ्यांकडे द्या. रीलचं काय, ती पुढच्या आठवड्यात कुणाला आठवणारही नाही.

मे २०२५ मधले ते चार दिवस आठवा. संघर्षाचे म्हणून जे 'व्हिडिओ' फिरले, त्यात व्हिडिओ गेममधली दृश्यंही होती, आणि शिकलेल्या लोकांनी ती पुढे ढकलली. आता तर एका ओळीत मागणी केली की मिग-२१ सूर्यास्तात उडताना बनवून मिळतं. (गंमत म्हणजे अशा चित्रांत जुन्या विमानांचे पंखेही बरेचदा थांबलेलेच असतात!) अशा काळात अमुक माणसानं, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी उभं राहून काढलेला, थोडा हललेला फोटोही पुरावा ठरतो.

मग मिगचं काय?

आपल्याकडे लढाऊ विमान खासगी हातात ठेवून उडवण्याची पद्धत जवळपास नाहीच. उडती जुनी विमानं आहेत ती हवाई दलाच्याच छोट्याशा ताफ्यात: लाकूड-कापडाचं टायगर मॉथ, कानठळ्या बसवणारं हार्वर्ड आणि डाकोटा. डाकोटाची गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या तुकडीला घेऊन डाकोटा विमानं श्रीनगरला उतरली. त्यातल्या पहिल्या विमानाचा क्रमांक होता व्हीपी ९०५. आज उडतं ते विमान दुसरं आहे, पण त्यानं तोच क्रमांक अंगावर मिरवलाय. राजीव चंद्रशेखर यांनी ते ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाच उडवत. २०१८ मध्ये ते उडत उडत भारतात आलं, नाव मिळालं 'परशुराम'. २०२१ आणि २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला तुम्ही ते टीव्हीत पाहिलंही असेल.

मग डाकोटा चालतं, तर मिग का नको? डाकोटा हे सामान आणि माणसं वाहणारं, दोन इंजिनांचं, संथ विमान. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर सांभाळून उतरता येतं. जगभर या विमानाचे सुटे भाग आणि ते जाणणारे मिस्त्री अजून सापडतात. मिग-२१ ला एकच इंजिन, आखूड तिकोनी पंख आणि उतरतानाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास. इंजिन गेलं तर ते दगडासारखं खाली येतं. २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले होते. रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गमावली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. हे आकडे सगळ्या प्रकारच्या मिगचे मिळून आहेत, एकट्या मिग-२१ चे नाहीत, आणि इतकी वर्षं इतक्या संख्येनं उडवलेलं विमान म्हटल्यावर ते नुसते ऐकून 'उडती शवपेटी' म्हणून शिक्का मारणंही अन्यायाचं आहे. १९७१ च्या युद्धात याच विमानानं काय केलं, ते हवाई दलाच्या इतिहासात आहेच. पण लढाईसाठी पत्करलेला धोका वेगळा आणि गर्दीच्या टाळ्यांसाठी पत्करलेला वेगळा. शिवाय मिगला पंखाच नाही. हवेत असताना ते जिवंत आहे हे फोटोत दाखवायला मागच्या ज्वाळेशिवाय काही नाही, आणि त्या ज्वाळेपायी किती रॉकेल जळतं ते विचारू नका.

गर्दीचाही प्रश्न आहेच. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाचा शो झाला, लाखो लोक आले. विमानं सुखरूप उतरली. खाली उन्हानं, गर्दीनं पाच माणसं दगावली. भर दुपारी, डोक्यावर सूर्य. फोटोच्या दृष्टीनंही ही सगळ्यात वाईट वेळ, विमानाचं पोट काळं आणि पाठ पांढरी फटक. सकाळी आठला शो ठेवला असता तर फोटोही बरे आले असते आणि माणसंही घरी गेली असती. इतकी साधी गोष्ट आखणाऱ्यांना कशी सुचत नाही, कोण जाणे.

तेव्हा मिग-२१ उभंच राहणार. प्रश्न आहे तो कसं उभं राहणार. आपला अनुभव काही फार अभिमानाचा नाही. विक्रांत ही युद्धनौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना बघायला मिळाली, २०१२ मध्ये ते बंद झालं आणि २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. तिच्या पोलादातलं थोडंसं एका मोटरसायकलच्या टाकीत गेलं. तुमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये असेल एखादी. पण विक्रांतवरून उडालेली सी हॉक विमानं कशी दिसत होती ते बघायचं असेल तर गोव्याला जा. दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर उभी आहेत. बीचवरून परतताना दोन तास काढा. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, तिरप्या उजेडात.

उभ्या विमानाचा फोटो काढायला हात स्थिर लागत नाही, डोकं लागतं. सगळे काढतात तो नाकासमोरचा सेल्फी काढाच, त्यात काही वाईट नाही. त्यानंतर शेपटीवरचा क्रमांक काढा, तो वाचता येईल असा. क्रमांकाशिवाय ते विमान म्हणजे 'एक मिग'. क्रमांक मिळाला की ते कुठल्या स्क्वाड्रनमध्ये होतं, कोणी उडवलं, कधी जखमी झालं, याचा माग काढता येतो. मग रंगाचे पापुद्रे निघालेत तिथं जवळून काढा, खाली जुन्या पट्ट्यांचा रंग दिसतो. ठिगळं काढा. चाकांची विहीर काढा. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच कोपऱ्यातून एक फोटो काढलात तर पाच वर्षांत त्या विमानाची निगा राखली जाते की ते गंजतंय, हे कोणालाही बोट दाखवून सांगता येईल. गावोगावच्या चौकांत, शाळा-कॉलेजांच्या आवारात चबुतऱ्यावर चढवलेल्या विमानांना याची जास्त गरज आहे.

एक सावधगिरी, आणि ती पुण्या-नाशिकच्या वाचकांसाठी खास. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. तुमचं गोव्याचं विमान तिथून सुटताना खिडकीतून सुखोई दिसतं आणि हात आपोआप फोनकडे जातो. तो आवरा. १९३७ च्या विमान नियमावलीतला १३ वा नियम विमानतळावर आणि उडत्या विमानातून फोटो काढण्यावर बंधनं घालतो. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं लष्करी धावपट्ट्यांबाबत विमान कंपन्यांना पुन्हा खास ताकीद दिली. पोस्ट केलेल्या फोटोबरोबर वेळ आणि जागाही जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. एअर शोला तुम्हाला बोलावलेलं असतं, तिथं हवे तितके फोटो काढा. कुंपणाला लावलेल्या शिडीवरून नको, आणि ड्रोन तर कुठेच नको. सेवेतल्या विमानाबाबत ही कडक शिस्त मला योग्यच वाटते. पण निवृत्त विमानाला तीच शिस्त लावण्यात काय अर्थ? १९६३ मध्ये आलेल्या विमानात आता लपवण्यासारखं उरलंय तरी काय? चबुतऱ्याखाली पाटी लावायची तर मान्यवरांच्या नावांबरोबर त्या विमानाचा जन्म, तास आणि स्क्वाड्रनही लिहा की. ही मागणी तुम्ही करू शकता, माहिती अधिकारात अर्जही करू शकता.

नाशिककरांना तर हे काम घरबसल्या आहे. भारतानं साडेआठशेहून जास्त मिग-२१ घेतली, त्यातली बहुसंख्य देशातच बनली. इंजिनं ओडिशात कोरापूटला आणि विमानं ओझरला. १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं ओझरचा कारखाना उभारला तो याच विमानासाठी. तिथल्या जुळणीवर उमेदीची वर्षं घालवलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत, नाशिकच्या सोसायट्यांत संध्याकाळी बाकावर बसलेली असतात. कुणाचे तरी आजोबा आहेत ते, तुमचेही असतील. तुम्ही काढलेला फोटो त्यांच्यापुढे धरा, दोन बोटांनी मोठा करा आणि ती रिव्हेटची ओळ दाखवून विचारा, आजोबा, ही कशी मारायचात? आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.